नऊशे पुस्तकांचं ओझं

“गेम? त्या ई-रीडरवर गेम आहेत तरी का, काका?” मिरचीचा पारा चढला.

“मग बॅटरी एका दिवसात संपते कशी? खोक्यावर तीन आठवडे लिहिलंय!” ग्रंथपालकाकांनी तिचं वाचनालयाचं कार्ड खणात टाकलं. “सुट्टीभर कार्ड बंद! आणि सोमवारी सगळे ई-रीडर परत कंपनीकडे!”

मिरचीला रडूच यायचं बाकी होतं. ई-रीडर ती आजोबांसाठी न्यायची. छापील अक्षर त्यांना आता दिसत नसे. पडद्यावर ते अक्षरं लिंबाएवढी करून वाचायचे. रहस्यकथा ऐन रंगात आली, की हे यंत्र मान टाकायचं. मग आजोबा बिचारे भिंतीकडे बघत बसायचे.

बाहेर पायरीवर तिचा मित्र ‘वकील’ बसला होता. पुराव्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नसे!

“पडद्याचा दिवा?” त्याने उलटतपासणी सुरू केली.

“मंद.”

“वायफाय?”

“बंद! मी काय खुळी आहे?”

“मग परत दिल्यावर काका त्याचं काय करतात?”

दोघं खिडकीतून डोकावली. काकांनी ई-रीडर संगणकाला जोडला, आतलं सगळं पुसलं आणि नऊशे पुस्तकं नव्याने भरली.

“काका, हे दर वेळी करता?” मिरची ओरडली.

“अर्थात! प्रत्येकाला कोरी पाटी मिळायला नको?”

वकिलाने आत धावत जाऊन ई-रीडरच्या शोधखिडकीत एक शब्द टाकला. उत्तर आलं, ‘८६२ पुस्तकांची शब्दसूची बाकी.’

“सापडला चोर!” वकील ओरडला. “पुस्तकं भरली, की हे यंत्र पान न् पान चाळून शब्दांची यादी करतं. यादी संपायच्या आत तुम्ही सगळं पुसता. बिचारं पुन्हा पहिल्यापासून! त्यातच बॅटरी संपते!”

“मला शिकवू नका!”

“नका ऐकू! दोन ई-रीडर पूर्ण चार्ज करा. एकात नऊशे पुस्तकं भरा, दुसऱ्यात पाच. सोमवारपर्यंत कपाटात ठेवा,” मिरची वैतागून म्हणाली.

दोन दिवस तिने नखं खाऊन काढले.

सोमवारी काकांनी दोघांसमोर कपाटाचं कुलूप उघडलं. नऊशेवाल्यात बॅटरी उरली होती एकोणीस टक्के, पाचवाल्यात अठ्ठ्याण्णव! हात कुणीच लावला नव्हता.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“चूक माझी, आणि बोल तुला लावले. शाबास गं! तुलाही शाबासकी, वकीलसाहेब!” त्यांनी कार्डाबरोबर तो पाच पुस्तकांचा ई-रीडरही तिच्या हातात ठेवला.

त्याला आठवडा झाला. बॅटरी अजून ठणठणीत आहे. पण आजोबा जेवायला वेळेवर उठतील तर शपथ!