कपितानच्या सभागृहातली हरणं

"पेंढा पुन्हा गायब!" मारिविक किंचाळलीच.

चर्चसमोरच्या गव्हाणीत बाळ येशूसाठी तिनं तिसऱ्यांदा पेंढा भरला होता. आज दुपारी नाताळच्या नाटकाची शेवटची तालीम होती. ती मरिया, वर्गातला नोनॉय योसेफ! त्या शहाण्यानं दाढी कुठं ठेवली तेच त्याला आठवत नव्हतं.

"बकरी सोडली असेल तुम्हीच," गावप्रमुख कपितान तेओफिलो गुरगुरले. "पोरांनो, भरा परत!"

"बकरीला इतकी भूक असते का हो?" मारिविक पुटपुटली.

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ तोतो ओरडला, "ताई, इथं काड्या पडल्यात!"

काड्यांचा माग काढत मारिविक, तोतो आणि नोनॉय किनाऱ्यावरच्या होड्यांच्या पडवीत पोचले. आत पेंढ्यावर एक तरुण बाई बसली होती. मांडीवर तीन आठवड्यांचं तान्हं बाळ.

"मीच नेला," ती घाबरून म्हणाली. "जमीन ओली आहे गं. वादळात आमच्या बेटावरचं घर गेलं. मी इसिंग. काल तुमच्या सभागृहात गेले होते, पण कपितान म्हणाले, जागा नाही."

"जागा नाही?" मारिविकचं डोकंच फिरलं. "वादळात सापडलेल्यांसाठीच बांधलंय ते!"

तिघं धावत सुटले. सभागृहाच्या खिडकीतून डोकावले, तर आत भला मोठा कागदी तारा, रंगीत दिवे आणि प्लास्टिकची सात हरणं ऐसपैस उभी!

कपितानना सांगितलं, तर म्हणाले, "सण होऊ दे, मग बघू. मध्ये मध्ये करू नका!"

"यांच्यापुढे बोलून उपयोग नाही," मारिविक दात-ओठ खात म्हणाली. "नोनॉय, दाढी राहू दे. माझी मरियेची निळी ओढणी आण!"

दुपारी तालमीला चर्चसमोर अख्खं गाव जमलं. मरिया-योसेफला दारातून परत पाठवणाऱ्या धर्मशाळेच्या मालकाचं काम कपितान हट्टानं स्वतःच करायचे. पाठ मात्र कधी व्हायचं नाही. नाटकातल्या दारावर टकटक झाली. कागदातून मान वर न करता त्यांनी वाचलं, "आत जागा नाही! पुढे चालू लागा!"

"कालही हेच म्हणालात, कपितान."

त्यांनी दचकून वर पाहिलं. निळ्या ओढणीत मारिविक नव्हती. इसिंग होती, आणि तिच्या कुशीतलं बाळ खरं होतं, रडत होतं!

चर्चचे फादर पुढे आले. "तेओफिलो, सभागृहात आहे तरी कोण?"

"हरणं!" तोतो ठणकावून म्हणाला. "प्लास्टिकची! सात!"

हसू फुटलं, पण फादर हसले नाहीत. "देवाला राजवाडा मिळाला नसता का? पण ज्यांना कोणी दारात उभं करत नाही, त्यांच्यातच तो जन्माला आला. आणि आपण मात्र त्याच्या वाढदिवसाची सजावट आत ठेवली आणि लेकराला बाहेर!"

कपितानचं तोंड लालबुंद झालं. "चुकलं माझं, पोरी," ते इसिंगला म्हणाले, आणि सभागृहात जाऊन स्वतःच दोन-दोन हरणं बगलेत मारून बाहेर आणू लागले. बायकांनी आत चटया अंथरल्या, गरम भात आणि मासे आणले.

इसिंगला निवांत जेवता यावं म्हणून मारिविकनं बाळ घेतलं.

"शाबास!" कपितान तिच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाले. "आमचे डोळे उघडलेस."

"शाबासकी नंतर द्या हो!" मारिविक वैतागून ओरडली. "आधी कोरडं फडकं आणा! यानं मला पार भिजवलंय!"

सभागृह हसण्यानं दणाणलं. बाळानं तिचं बोट घट्ट धरलं होतं. फडकं आलं, पण दुसऱ्या कोणाच्या हाती बाळ द्यायला मारिविक काही तयार होईना.