पांढऱ्या कावळ्याचे काळे डोळे

पक्ष्यांच्या दवाखान्याच्या दारातच दोघांची टक्कर झाली. ती तिथली डॉक्टर, हातात टोपली, टोपलीत पंख दुखावलेला पांढराशुभ्र कावळा. तो वार्ताहर, माफी मागायची सोडून त्याने फोटोच काढला. डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा – 'अधू नजरेचा अल्बिनो कावळा'. पुढे पंख बरा झाला, तरी दवाखान्याचे प्रमुख हटून बसले. याला नीट दिसत नाही, बाहेर जगायचा नाही, जन्मभर पिंजऱ्यातच राहू दे. त्याला चांगलं दिसतं, हे तिने परोपरीने सांगितलं. पण छापून आलेलं खरं ठरलं होतं.

ती तडक पेपरच्या कचेरीत गेली. सगळ्यांदेखत त्या वार्ताहराला फैलावर घेतलं.

"पण... पांढरा म्हणजे अल्बिनोच ना?" तो चाचरला.

"नाही. अल्बिनोच्या अंगात रंगद्रव्यच तयार होत नाही. म्हणून डोळेही गुलाबी, ऊन सोसत नाही, नजर अधू. याला ल्युसिझम आहे. रंग फक्त पिसांपर्यंत पोचला नाही. डोळे बघितलेत त्याचे? काळेभोर आहेत. तुमच्यापेक्षा बरं दिसतं त्याला."

त्याने फोटो मोठा करून पाहिला... आणि मान खाली घातली.

सकाळी पहिल्याच पानावर त्या काळ्याभोर डोळ्याचा फोटो होता, खाली स्वतःच्या नावानिशी चुकीची कबुली. शिवाय तो प्रमुखांशी भांडायला आला. दाराबाहेर उभ्या असलेल्या तिला ऐकू येत होतं – तिचीच वाक्यं, अगदी तिच्याच तावातावाने. ओठांवर आलेलं हसू तिने रागानेच गिळलं.

प्रमुख नमले. गच्चीवर तिने हात उघडले. कावळा समोरच्या तारा सफाईने चुकवत झाडांपलीकडे दिसेनासा झाला.

"अजून रागावलायत?" त्याने विचारलं.

"हो. एका शब्दापायी जन्मठेप झाली असती त्याला."

"मग राग जाईपर्यंत रोज येऊ?" तो अडखळला. "म्हणजे... गेला तरी यायचंय मला. आवडता तुम्ही."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने रिकामी टोपली उचलली, जिन्याकडे वळली.

"उद्या सहाच्या आत ये. उशीर खपत नाही मला."

'या'च्या जागी 'ये' गेलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं. तिने दुरुस्त केलं नाही.