हैदराबादहून पाच तासांचं विमान

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण डोमाभाऊंनी कुरखेड्याजवळच्या एका अंगणात बसून विमान पकडलं होतं. निवृत्त वनरक्षक माणूस, वाघाला बिडी पाजल्याच्या गोष्टी सांगणारा. त्यामुळे लोक हीदेखील हसण्यावारी नेतात. हसण्यासारखी मात्र ती नाही.

दीपिकाचा फोन आला तेव्हा तीन वाजून गेले होते. तिचा बाप, डोमाभाऊंचा जुना सोबती नथ्थू, गेला होता. सकाळपासून 'सुनिल आला का' एवढंच विचारत गेला. डोमाभाऊ पोचले, आणि पाचच्या सुमारास सुनिलही आला. स्टँडकडच्या पायवाटेनं, खांद्यावर पिशवी. दीपिकानं भावाला दारातच अडवलं. सकाळी सातला कळवलं होतं, मग इतका वेळ होता कुठे? खरं कळल्याशिवाय बापाच्या खड्ड्यात त्यानं मूठभर मातीही टाकायची नाही. आई, बुधरीबाई, प्रेताच्या उशाशी बसून होती. छडा लावायचं काम डोमाभाऊंवर आलं.

त्यांनी सुनिलला मोहाच्या झाडाखाली नेलं.

"कशानं आला?"

"विमानानं. हैदराबादहून नागपूर."

"किती वेळ लागला?"

"पाच तास. मंग नागपूरहून गाडीनं चार."

"गाडी कुठी हाय?"

"गेली वापस."

डोमाभाऊ त्याच्या पँटकडे पाहत होते. शिवणीत तांबडी भुकटी बसली होती, धुऊनही न गेलेली. मग त्यांनी चष्मा चढवला आणि मोबाईलशी बराच वेळ खटपट केली.

"हे पाह्य. हवेतून सव्वाचारशे किलोमीटर. विमानाले सव्वा तास लागते. रेल्वेले नऊ तास लागते, म्हणून तू अंदाजानं विमानाले पाच लावले. विमानात तू कधी बसलाच नाई. ही भुकटी सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीतली हाय. गाडीनं येणारा पायवाटेनं येत नाई. सातचा फोन झाल्यावर एटापल्लीहून एसटी धरली, तं दीडलेच कुरखेड्याले उतरला असशील. मंग तीन-साडेतीन तास कुठी होता?"

सुनिल खाली बसला. स्टँडवर, म्हणाला.

नथ्थू सूरजागडच्या डोंगराला देव मानायचा. खाण नको म्हणून मोर्चात चालला होता. त्याच डोंगरावर पोरगा दोन वर्षं ट्रक धूत होता, आणि घरी हैदराबादची नोकरी सांगत होता. इतक्या लवकर कसा आला, असं बाप विचारेल, म्हणून तो स्टँडच्या बाकावर बसून विमानाचे तास भरत राहिला. बाप गेला ते तीनही त्याचे बाकावरच वाजले.

गुन्हेगार सापडला होता. शिक्षा द्यायची काही उरली नव्हती.

डोमाभाऊ अंगणात परतले. आयुष्यभर थापा मारलेली जीभ. तिनं एक आणखी मारली. विमान सव्वा तासाचंच, त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पण नागपूरवर ढग दाटले होते. पायलट चार तास वरच घिरट्या घालत राहिला. पोराचा काय दोष?

दीपिकाचा चेहरा सैल झाला. ती दारातून बाजूला सरली.

बुधरीबाईंनी मान वर केली नाही.

"काऊन खोटं बोलून राह्यले डोमाभाऊ? पोरगा खाणीवर हाय, पोळ्यापासून मले ठाव हाय. त्याच्या बापालेही सांगतलं होतं मी. थो म्हणे, येईन तवा येऊ दे, त्याले काई विचारू नको."