अठ्ठेचाळीस घोडे

सत्य कधी ना कधी बाहेर येतंच, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. आमच्या क्रॅडली हीथ गावात कधी ना कधी जे बाहेर येतं ते बहुधा इंजिनातलं तेल असतं, आणि तेही खाली पुठ्ठा टाकायला आपण विसरलो असलो तरच.

सत्यावर बोलायला मी तसा लायक माणूस नाही. पंचवीस वर्षं कॉलेजात धातुशास्त्र शिकवलं, तेवढी वर्षं खरं बोललो. नंतर एका जून महिन्यातल्या दुपारी दोन ठिकाणी खोटं लिहिलं. दोन्ही ठिकाणी अक्षर मात्र सुंदर होतं.

रोलंड ट्रोमन्स, म्हणजे रोली, माझा शेजारी. साखळ्यांच्या कारखान्यात आयुष्य गेलं, त्यामुळे ऐकू कमी येतं आणि बोलतो मोठ्यानं. त्याच्या घरामागे कालव्याला लागून पत्र्याची शेड आहे. तिच्यात त्याच्या आईची, आयडाबाईंची, मॉरिस मायनर गाडी. त्रेसष्ट सालची, गडद हिरवी, फुगलेल्या पावासारखी गोलमटोल. आयडाबाईंनी ती कोरी घेतली, तीस वर्षं चालवली आणि ताशी चाळीस मैलांच्या वर कधी नेली नाही. रोलीला गाडी त्यांनीच शिकवली. गिअर चुकला की बोटांवर लाकडी चमचा.

त्या गाडीत रोलीनं आठ सिलिंडरांचं इंजिन बसवायला घेतलं. आमच्याकडे निवृत्त माणसं असं काहीतरी करतात. उरलेले कबुतरं पाळतात.

सात वर्षं लागली. गिअरबॉक्स बदलला, मागचा आस बदलला, स्प्रिंगा, ब्रेक, सगळं बदललं. आईची म्हणून दोनच गोष्टी ठेवल्या: बॉडी आणि स्टिअरिंग. मूळचं चार सिलिंडरांचं इंजिन काढून कोपऱ्यात एका टायरवर ठेवलं आणि वर मॅव्हिसची, म्हणजे त्याच्या बायकोची, जुनी चादर टाकली. इथं काढलेलं इंजिन कोणी भंगारात देत नाही. कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही, असं म्हणतात. चाळीस वर्षांत कोणाच्या उपयोगी पडलेलं मी पाहिलं नव्हतं.

नवं इंजिन गाडीत बसवण्याआधी बेव्ह हिंगलीच्या गॅरेजात स्टँडवर चालवून मोजलं. दोनशे ऐंशी अश्वशक्ती.

“दोनशे ऐंशी घोडे,” बेव्ह म्हणाली, “आणि पुढं बसणार एक गाढव.”

रोली खूश. पण घाईत होता, आणि घाईचं कारण त्याच्या डोळ्यांत होतं. दोन वर्षांपासून नजरेच्या मधोमध एक धूसर ठिपका आला होता. कडेचं दिसे, समोरचं नाही. बशीत चहा ओतून कप कोरडा ठेवायची त्याला सवय लागली होती. डॉक्टर म्हणाले, ठिपका वाढणार. सप्टेंबरातल्या तिसऱ्या रविवारी एका जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर मोसमातली शेवटची शर्यत असते. पाव मैल, घड्याळाशी. तेरा सेकंदांच्या आत ते अंतर एकदा काटायचं, एवढंच रोलीला हवं होतं.

“पुढच्या वर्षी मला पट्टीच दिसायची नाही, मास्तर,” तो म्हणाला. एवढं एकच वाक्य तो हळू बोलला असेल.

तर जूनमधली ती दुपार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन फॉर्म. अक्षर चांगलं आणि चष्मा जवळ, म्हणून लिहिणारा मी.

पहिला गाडीचा. इतके भाग बदलल्यावर गाडी तीच राहते का, हे सरकार गुणांवर ठरवतं. तीच ठरायला आठ गुण लागतात. बॉडीचे पाच, स्टिअरिंगचे दोन. सात झाले. आठ नाहीत तर आईची नंबरप्लेट जाते आणि तपासणी करून भलतीच मिळते, क्यू अक्षराची. गाडीचं कूळ ठाऊक नाही, असा तिचा अर्थ.

“आईच्या गाडीला बेवारशी पाटी?” रोली ओरडला. “त्यापेक्षा मी कालव्यात लोटेन.”

“तपासणीलाच चार महिने जातील,” मी म्हणालो. “इंजिनाला एक गुण आहे. मूळचं असेल तर.”

“मग लिही की मूळचंच.”

“ते चादरीखाली आहे, रोली.”

“शेडमध्येच आहे ना? घर सोडून गेलंय का कुठं?”

मी लिहिलं: इंजिन, मूळचेच.

दुसरा फॉर्म त्याच्या परवान्याचा. सत्तरी झाली की आपलं आपणच लिहून द्यायचं असतं. वीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का? परवाना नसेल तर धावपट्टीवर घेत नाहीत. मी रोलीकडे पाहिलं. तो माझ्या डाव्या कानाकडे पाहत होता. तसा त्याला मी दिसतो. मी खूण केली: होय.

दोन्ही फॉर्म एकाच दिवशी पोस्टात पडले आणि तीन आठवड्यांत दोन्ही मंजूर होऊन आले. सरकारी काम एवढं झटपट झालं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

जुलैत गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली. आवाज असा की समोरच्या घराची खिडकी थरथरली. वेग असा की दूधवाल्यानं मागे टाकलं. रोलीनं पाय पार खाली दाबला होता. गाडी गडगडत, थरथरत, अंत्ययात्रेच्या शिस्तीत टेकडी चढली.

बेव्हनं चाकं रोलरवर चढवून मोजलं. अठ्ठेचाळीस.

“पेट्रोल येत नसेल,” रोली म्हणाला. पंप बदलला. अठ्ठेचाळीस. कार्बोरेटर बदलले. अठ्ठेचाळीस. प्लग, वायरी, एक्झॉस्ट. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस नाही, एकोणपन्नास नाही. बेव्हनं यंत्रच खोटं असेल म्हणून स्वतःची व्हॅन चढवली. व्हॅनचा आकडा बरोबर आला. इंजिन उतरवून परत स्टँडवर घेतलं. दोनशे ऐंशी. गाडीत बसवलं. अठ्ठेचाळीस.

“सहाव्यांदा उतरवायला सांगितलंस,” बेव्ह म्हणाली, “तर तुलाच स्टँडवर बांधेन, रोली. तुझे तरी किती भरतात बघू.”

ऑगस्ट असा गेला. रोली आणि मॅव्हिस एकमेकांशी बोलेनासे झाले, कारण तिनं एकदा विचारलं होतं, “आईंच्या वेळी किती घोडे होते रे?”

आयडाबाईंच्या वेळच्या पुस्तिकेत आहे तो आकडा. मी तो पाहिला होता. कोणाला सांगितला नव्हता. अठ्ठेचाळीस.

मॅव्हिसची पिवळी मांजर तोवर शेडमध्ये राहायला आली होती. घरातली टोपली सोडून ती कोपऱ्यातल्या चादरीवर झोपे. मी धातुशास्त्राचा माणूस. मांजर कुठं झोपते याला माझ्या लेखी फार अर्थ नसतो. पण रोली गाडीची एक फेरी मारून आला, शिव्या देत चहाला गेला, आणि मी मांजरीला उचलून चादरीखाली हात घातला.

इंजिन गरम होतं. चार वर्षांपूर्वी उतरवलेलं, पेट्रोलची नळी नाही, बॅटरी नाही, टायरवर बसवलेलं बिडाचं धूड. दुसरा कप ओतल्यावर किटली असते, तेवढं गरम.

मी चादर परत नीट घातली. मांजर परत बसली.

डोळ्यांचं त्याच आठवड्यात लक्षात आलं. आम्ही कालव्याच्या पुलावर उभे होतो. रोलीनं पलीकडच्या व्हॅनचा नंबर वाचला, सहज, दुकानाची पाटी वाचावी तसा. मी टेप आणली. वीस मीटरवर त्यानं घडाघडा वाचला. एकोणीसवर आला, तर “कसली प्लेट?” एकवीसवरही तेच. वीसवर नेला, परत घडाघडा. उन्हानं माझे डोळे दिपत होते, म्हणून मी जवळ जाऊन नंबर कागदावर उतरवला आणि ताडून पाहिला. एक अक्षर चुकलं नव्हतं.

“बायको दिसत नाही, कप दिसत नाही,” रोली म्हणाला, “आणि हे काय दिसायला लागलंय मला?”

मग घरी येऊन मी त्याला फॉर्मची प्रत दाखवली. म्हणजे वाचून दाखवली. आम्ही लिहिलं होतं, अगदी तेवढंच खरं झालं होतं: वीस मीटर, आणि मूळचंच इंजिन.

“खरं लिहून कळवू मग,” मी म्हणालो. “इंजिन बदललंय म्हणून.”

“आणि पाटी?”

“जाईल.”

“शर्यत?”

“जाईल.”

त्यानं बशीतला चहा भुरकला. “मास्तर, शिकलेला माणूस ना तू? एक खोटं चाललं, तर दुसरं चालणार नाही असं कुठं लिहिलंय?”

त्याचं म्हणणं सरळ होतं. इंजिन मूळचंच, हे तसंच ठेवायचं. फक्त कळवायचं की मूळच्या इंजिनाची ताकद आता दोनशे ऐंशी आहे. मी वैतागून लिहिलं. त्या महिन्यात माझ्या हातून वैतागाशिवाय काहीच होत नव्हतं. शर्यतीच्या तीन दिवस आधी उत्तर आलं: नोंद घेतली आहे.

त्या रविवारी मी गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणालो. रोलीनं ताणून धरलं नाही; चादरीकडे तिरकं पाहिलं आणि म्हणाला, “लक्ष ठेव तिच्यावर.” बेव्ह गाडी ट्रेलरवर घालून घेऊन गेली. तिनं एक युक्ती काढली होती. सुटायच्या रेषेपासून वीस मीटरवर ती एक जुनी नंबरप्लेट डोक्यावर धरून उभी राहणार. प्लेट खाली आली की निघायचं. पुढं पट्टी सरळ होती. सरळ जायला डोळे लागत नाहीत, असं रोलीचं मत.

मी शेडमध्ये खुर्ची टाकली. चादर काढून घडी करून ठेवली. दार उघडं, बाहेर स्वच्छ ऊन, कालव्यावर दोन बदकं. मॅव्हिस स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती. मी हात लावला. इंजिन थंड होतं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी मांजर उठली. अंग न ताणता, घाई न करता ती बाहेर गेली आणि कालव्याच्या काठावर शेडकडे पाठ करून बसली.

आधी वास आला. तापलेल्या धुळीचा.

मग इंजिनाच्या हिरव्या रंगाला फोड आले. बारीक, दुधावर येतात तसे.

मी घड्याळाकडे पाहिलं. तीन सेकंद. चार.

आवाज काहीच नव्हता. वाटाण्याच्या शेंगा मोडलेल्या ऐकू येत होत्या.

सहा. बीड लाल झालं. कडेनं नाही, आतून.

आठ. खालचा टायर लोण्यासारखा बसला. मी उठलो होतो. कधी, ते आठवत नाही. तोंडावर भट्टीची धग येत होती.

दहा. ते थरथरत नव्हतं. हललंही नाही. ते नुसतं सोसत होतं.

बारा.

टक्.

एवढाच आवाज. कपाटाचं दार लागावं तसा. लाली गेली, आणि इंजिनावर वरपासून खालपर्यंत एक भेग होती. तिच्यात माझं बोट गेलं असतं. मी घातलं नाही.

घरात फोन वाजला. मॅव्हिस खिडकीतून ओरडली, “मास्तर! बारा पूर्णांक आठ! बाई गं, नुसता रडतोय, बोलतच नाहीये!”

रोली अंधार पडायच्या आत परतला. त्यानं भेग पाहिली, म्हणजे तिच्यावरून बोट फिरवलं. मग आत जाऊन लाकडी चमचा आणला, इंजिनावर ठेवला आणि चादर परत घातली. त्या दिवसापासून गाडी सुरू होत नाही. किल्ली फिरवली की काहीच होत नाही, खटका सुद्धा नाही. बेव्ह म्हणते, पुन्हा उतरवू. रोली म्हणतो, राहू दे. रोज तिची पाटी फडक्यानं पुसतो. आता तो कुठलीच गाडी चालवत नाही. पण परवाना फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय, आणि संध्याकाळी पुलावर जाऊन वीस मीटरवरचे नंबर मोठ्यानं वाचतो. त्याला दिसणारं आता तेवढंच उरलंय. परवाना परत पाठव, असं मला त्याला सांगवत नाही.

मी ऑक्टोबरात डोळे तपासायला गेलो. तरुण मुलगी होती. तक्त्यावरची शेवटची ओळ मी न अडखळता वाचली. “चष्मा बदलायचीही गरज नाही,” ती म्हणाली. “तुमच्या वयाला इतके चांगले डोळे क्वचित बघते मी. काय त्रास होतोय नक्की?”

काही नाही, म्हणालो.

बाहेर आलो. समोर पार्किंगमध्ये माझी गाडी. तिची काच दिसत होती, काचेवरचं वाळलेलं पान दिसत होतं, पानाच्या शिरा दिसत होत्या. प्लेट पांढरी होती. नुसती पांढरी, धुऊन काढल्यासारखी. एक पाऊल पुढं गेलो, अक्षरं आली. एक पाऊल मागं आलो, गेली. टेप खिशातच होती. मोजलं: वीस मीटर.

सत्तरीनंतरचा परवाना, म्हणजे रोलीचाही, तीन वर्षांचा असतो. गाडी तिथंच ठेवली. आमच्याकडे जाणारी बस दर वीस मिनिटांनी आहे.