मागच्या बाई

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलेली. वहिनी खोटं बोलत नाही. तिच्या मते खोटं लक्षात ठेवावं लागतं, आणि तेवढी उसंत बालवाडीच्या बाईला नसते.

रात्र नव्हती. भर दुपार होती. पंखा फिरत होता, लांब कुठेही कुत्रं रडत नव्हतं. भुताच्या सोयीचं असं काहीच नव्हतं.

शाळा नुकतीच सुटली होती. कोपऱ्यातल्या वर्गात वहिनी मुलांच्या पाट्या पुसायला बसली. तिची मुलगी खारू त्याच वर्गात शिकते. ती बाकावर पाय हलवत बसली होती.

वहिनीने वरची पाटी उचलली... आणि फडकं तसंच हातात राहिलं.

सकाळी तिने 'इ' शिकवला होता. इ इमारतीचा.

पाटीवर होता... अि.

'अ'ला वेलांटी. फार जुन्या पुस्तकांत कधीकधी दिसतो तसा.

खालची पाटी. अि.

तिच्याखालची. अि.

आणि वळण कसं, तर ठसठशीत. एरवी या वर्गातला इ उन्हात आलेल्या गांडुळासारखा दिसतो.

वहिनीचा संशय भुतावर गेला नाही. शिकलेल्या माणसाचा संशय आधी ओळखीच्या माणसावर जातो. तिने वर्ग झाडायला आलेल्या मावशींना गाठलं.

"मावशी, पाट्यांवर तुम्ही काही लिहिलंत?"

"मला माझ्या सहीचीच वेलांटी जड जाते," मावशी म्हणाल्या. "लोकांच्या पोरांना कुठून देऊ?"

मग खारूची पाटी हातात आली.

अि.

खारू डावखुरी. तिचा खडू नेहमी डावीकडून घासत जातो आणि बाहीने निम्मं अक्षर पुसलं जातं. इथे काहीच पुसलेलं नव्हतं.

"हे कुणी शिकवलं गं?"

"मागच्या बाईंनी."

"कधी?"

"तू फळ्याकडे तोंड करतेस ना, तेव्हा. त्या हात धरून गिरवून घेतात. डाव्या हातात खडू धरला की चिडतात."

खारूने उजवा हात पुढे केला.

मनगटावर... बोटांचे लाल वळ होते.

मागच्या बाई म्हणजे वहिनीच्या आधी हा वर्ग घ्यायच्या त्या. निवृत्त झाल्या तरी म्हातारीचा जीव वर्गात अडकलाय आणि ती मागच्या दाराने येऊन माझ्या पोरीला हात लावते, असा हिशेब वहिनीने केला. संध्याकाळी खारूला काखोटीला मारून ती तावातावाने त्यांच्या घरी पोचली.

दार सुनेने उघडलं. बाई आत खुर्चीत होत्या. दोन्ही हात मांडीवर, एकसारखे थरथरत. सून परत त्यांना चमच्याने पाणी पाजायला बसली.

वहिनीचा आवाज तिथेच खाली आला.

"पालक आहेस की बाई आहेस?" म्हातारीने विचारलं.

"दोन्ही."

"अरेरे."

वहिनीने पाटी दाखवली. बाई हसल्या. मग हसू हळूहळू गेलं.

"हा माझा नाही. मी जन्मभर 'इ'च शिकवला."

"मुलं म्हणतात, मागच्या बाईंनी शिकवला."

"माझ्या वेळीही असंच म्हणायची. मीही तुझ्यासारखीच माझ्या आधीच्या बाईंशी भांडून आले."

"मग?"

"मग कळलं, मुलं 'आधीच्या' म्हणतच नव्हती." त्यांनी खारूकडे पाहिलं. "कुठे असतात गं त्या?"

"मागे," खारू म्हणाली. "आमच्या मागे उभ्या असतात."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वहिनीने खारूला बाकावर बसवलं. स्वतः तिच्या पाठीला चिकटून उभी राहिली. मध्ये कागद सरकायला जागा नव्हती. खारूच्या डाव्या हातावर तिने आपला हात ठेवला.

"लिही."

इ आला. गांडुळासारखा, निम्मा पुसलेला. वाईट अक्षर पाहून एवढा आनंद झालेली ती पहिलीच शिक्षिका असावी.

"गेल्या ना त्या?"

"नाही," खारू म्हणाली. "आता त्यांनी तुझा हात धरलाय."

हातावर काहीच नव्हतं.

फक्त मनगट... गार पडलं होतं.

त्यानंतर पाट्यांवर अि आला नाही. एकदा वहिनीला ताप भरला. दादा म्हणाला, "ताप तुला आहे, पोरीला नाही," आणि खारूला शाळेत सोडून आला. ती परतली ती हात पोटाशी धरून. वळ या वेळी निळे होते.

तेव्हापासून वहिनी रजा घेत नाही. शाळेने तिला पूर्ण हजेरीची ढाल दिली. दादाने ती टीव्हीशेजारी मांडली आहे.

"शाळा बदल ना खारूची," मी म्हटलं.

"खारूला काढीन. बाकीच्यांचं काय? त्यांच्या आयांना काय सांगू, मागे बघत जा?"

परवा मी तिच्याकडे गेलो होतो. कपड्यांच्या गाठोड्यावर धोब्यासाठी चिठ्ठी होती... 'अिस्त्री'.

"वहिनी, मुलांचं शुद्धलेखन तुला लागलं वाटतं," मी चिडवलं.

ती हसली नाही. तिने चिठ्ठी हातात घेतली.

"ही मी शाळेत नाही लिहिली," ती हळूच म्हणाली. "घरी लिहिली."

मी तिच्या समोर बसलो होतो. तिच्या मागे भिंत होती. मला तरी तेवढंच दिसत होतं.

तेवढ्यात खारू आतून दप्तर घेऊन आली. दारातच थांबली.

"आई," ती म्हणाली, "त्यांना बसायला सांग ना."