झोपेला भिणारा वैजनाथ

पंकजा धापा टाकत कोल्हारच्या पुलावर पोहोचली, तेव्हा तिची आई एका अनोळखी तरुणाच्या दंडाला पेनाचं टोपण टोचत होती.

त्याने शर्टाची बाही खांद्यापर्यंत सरकवली होती. मोटरसायकल बाजूला लावून तो कठडा आणि आई यांच्या मधोमध उभा होता. खाली प्रवरेचं पाणी... मागून उसाचे ट्रॅक्टर घरघरत चाललेले.

"हळू टोचा हं, सिस्टर," तो म्हणाला. "मी लई भितो."

"पाच मिनिटं बसायचं. चक्कर आली तर सांगायचं," आईने बजावलं.

पंकजा अंघोळीला गेली तेवढ्यात आई दार उघडून निघून गेली होती. तिची आई विजयमालाबाई तीस वर्षं सरकारी नर्स होत्या. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या निम्म्या पोरांना त्यांनीच लस टोचलेली. आता सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना गॅस बंद केल्याचं आठवत नव्हतं, आणि स्वेच्छानिवृत्ती घेतल्याचंही. पंकजाचे वडील लवकर गेले होते. घरात दोघीच.

तिने आईचा दंड धरला. रागाचा शब्द ओठांवर आलाच होता.

"रागावू नका त्यांना," तरुण हळूच म्हणाला. "त्या ड्युटीवर हायेत."

तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे लालसर, जागरणाने खोल गेलेले, पण नजर मऊ.

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या बापाचं असंच झालं हुतं," एवढंच बोलून त्याने बाही खाली केली.

त्याचं नाव वैजनाथ. पाथर्डीकडचा, वय एकतीस. राहुरीत खोली घेऊन राहायचा आणि दूध संकलन केंद्रांवरचे कूलर दुरुस्त करायचा. पंकजा राहुरीच्याच कृषी विद्यापीठात प्रयोगशाळेत कामाला होती. पुलावरच्या त्या रविवारनंतर तो वरचेवर कोल्हारला दिसू लागला.

"आज कोणता कूलर बिघडला?" एकदा तिने विचारलं.

"बिघडला न्हाई अजून. पण बिघडंल असं वाटलं..."

ती हसली. किती महिन्यांनी आपण हसतोय, हे तिच्या हसता हसताच लक्षात आलं आणि तिने नजर खाली केली. तो मात्र तिच्याकडे बघतच राहिला. मग गडबडीने त्याने विजयमालाबाईंपुढे दंड केला.

बापाची हकीकत त्याने तुकड्यातुकड्याने सांगितली. बाप ऊसतोडीला जायचा. पन्नाशीच्या आतच एका संध्याकाळी फडावरून परतताना त्याला स्वतःची खोपी सापडेना. लोक म्हणाले, प्यायलाय. तो आयुष्यात कधी प्यायला नव्हता. पुढच्या सहा वर्षांत तो मुलाला विसरला, मग घास गिळायलाही विसरला.

जानेवारीत आईला नगरला मेंदूच्या डॉक्टर मॅडमकडे न्यायचं ठरलं, तेव्हा वैजनाथही बरोबर आला. एमआरआय झाला. मॅडमनी समजावून सांगितलं... मेंदू दिवसभर काम करतो तसा त्यात कचराही साठतो. गाढ झोप लागली की मेंदूतलं पाणी रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने फिरतं आणि तो वाहून नेतं. विजयमालाबाईंची ही सफाई मंदावली असावी. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. गेलेलं परत येणार नाही, पण रक्तदाब आणि झोप सांभाळली तर घसरण कदाचित सावकाश होईल.

आई रात्र रात्र जागून बाळंतपणं करायची, त्यामुळे झालं का, असं पंकजाने विचारलं. तसं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, मॅडम म्हणाल्या. झोप मोडली म्हणून आजार, की आजार म्हणून झोप मोडते, हेही अजून पुरतं उलगडलेलं नाही.

"झोप कमी झाली तर... किती वर्षांनी कळतं?" वैजनाथने मध्येच विचारलं. पंकजाला वाटलं, आईच्या काळजीने विचारतोय. त्या विचाराने तिला आतून ऊब आली.

पुढच्या तपासणीला कोल्हारच्या स्टँडवर नऊ वाजता भेटायचं ठरलं होतं. तो आलाच नाही. पंकजा आईला घेऊन एकटीच गेली. दुपारी त्याचा फोन आला. तो राहुरीच्या स्टँडवर थांबला होता, नऊपासून. राहुरीच ठरलं होतं ना? त्याने दोनदा विचारलं. ती "नाही, कोल्हार" म्हणाली, आणि पलीकडून फोन बंद झाला.

त्यानंतर आठ दिवस त्याने फोन उचलला नाही.

नवव्या दिवशी काम सुटल्यावर ती त्याच्या खोलीवर गेली. दार उघडंच होतं. भिंतीवर कागद चिकटवलेले... गावांची, माणसांची नावं, फोन नंबर. काहींपुढे बरोबरच्या खुणा, काहींपुढे लाल फुल्या. तो कॉटवर बसला होता. दाढी वाढलेली.

"रोज पाठ म्हणतो," तो म्हणाला. "पहाटे तीनला उठून. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. बापाचं आलंय मला, पंकजा. तुम्ही येऊ नका आता. एका घरात अशी दोन-दोन माणसं... न्हाई झेपायचं तुम्हाला."

"झोपता किती?"

"तीन तास. झोपलो की भीती वाटते, सकाळी काय गेलेलं असंल."

तिला रडू आलं, आणि रागही. मॅडमपुढे बसून सगळं ऐकलं होतं या माणसाने, आणि भीतीपायी नेमकं तेच करत होता. तिला स्वतःलाही भीती वाटत होती. चूक झोपेअभावी झाली की खरंच सुरुवात आहे, हे तिला तरी कुठे माहीत होतं? पण ती खोलीबाहेर गेली नाही. उद्या सकाळी नगरला जायचं, मी इथून बरोबर नेणार, एवढंच तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या. दोन तास पंकजा बाहेर बाकावर बसून होती. चाचण्या वयाच्या मानाने ठीक निघाल्या. हा थकवा आहे आणि धास्ती, मॅडम म्हणाल्या. बापाचा आजार कोणत्या जातीचा होता हे माहीत नाही, त्यामुळे पुढचं वचन देता येत नाही. हवी तर जनुकांची तपासणी आहे, विचार करून सांगा. आज मात्र घरी जाऊन झोपा.

परतीच्या एसटीत विळदच्या आधीच त्याचे डोळे मिटले. डोकं झुकत झुकत तिच्या खांद्यावर आलं. तिने खांदा हलवला नाही. राहुरी आलं, गेलं. कोल्हार आलं. तिने कंडक्टरला खुणेनेच बोलावलं आणि शिर्डीपर्यंतची दोन तिकिटं काढली. मग शेजारच्या कडूबाईंना फोन करून, आईपाशी अजून दोन तास बसा, म्हणून सांगितलं.

बाभळेश्वरच्या पुढे तो दचकून जागा झाला. बाहेर पाहिलं, मग तिच्याकडे. त्या नजरेत काहीच नव्हतं... ना ओळख, ना प्रश्न.

"कोल्हार मागं राहिलं," तो अखेर म्हणाला.

"हो. तू झोपला होतास."

ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती. तो हलकंसं हसला, मग हसू विरलं.

"एक दिवस असाच उठंन आणि तुला ओळखणार न्हाई."

"मग नाव सांगेन. तीन अक्षरं तर आहेत."

"आणि तरी न्हाई कळलं तर?"

खिडकीबाहेर पेरूच्या बागा मागे पळत होत्या.

"तर मला भीती वाटेल," ती म्हणाली. "आत्ताही वाटतेय. पण मला ती तुझ्यासोबत वाटायला हवी, वैजनाथ. घरी एकटीला नको."

मग त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, शिर्डी यायला किती वेळ आहे.

"अर्धा तास."

"मग झोपू अजून थोडं?"

तिने मान हलवली आणि खांदा पुन्हा त्याच्याकडे केला.