नळीतला सरळ माणूस

बसा. लाईट यायला अजून तासभर आहे, लिफ्ट बंद, आणि माझा गुडघा काही चार मजले चढायचा नाही. तेव्हा मीही इथेच, पार्किंगमध्ये. मुकुल, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर आधी, डोळ्यात मारतोयस. आणि ऋजुता, तू हस खुशाल. भुतं नसतात असं मीही म्हणतो. जिची ही गोष्ट आहे ती तर माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणते.

मृणाल तिचं नाव. इथे कोपरला, माझ्या जुन्या चष्म्याच्या दुकानामागच्या चाळीत राहते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. तिच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, भिंतीवर बुद्धाची तसबीर. आई मीराबाई घरकाम करतात. वडील जगन सेंटरिंगचं काम करायचे. म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्या आणि टेकू उभे करतात ना, ते. रात्रभर स्लॅब चालला की जगन पहाटे घरी येऊन पोरीला सांगायचा, "वरून तारे लय जवळ दिसतात गं. तुला एक दुर्बीण घेऊन देतो."

२०२१च्या मार्चमध्ये जगन कामाला गेला तो परत आला नाही. खाडीकडे एक टॉवर चालू होता, तिथे होता तो. ठेकेदाराने सांगितलं, काम सोडून गेला, दुसरा संसार थाटला असेल. वर एक कागदही दाखवला: मी राजीखुशीने काम सोडत आहे, आणि खाली अंगठा. झालं! चाळीला चघळायला विषय मिळाला. नवरा पळाला, नवरा पळाला. पुढे तो टॉवरही अर्धवट पडला, कोर्टकचेरीत अडकला.

मृणाल मात्र ऐकणारी नव्हती. भर चाळीत तिने ठेकेदाराच्या माणसाला सुनावलं होतं, "सिमेंटने माझ्या बाबांचा अंगठा गुळगुळीत झालेला. वर करवतीची आडवी खूण. रेशनच्या मशीनला तो कधी लागला नाही, दर महिन्याला आईला जावं लागायचं. तुमच्या कागदावर बरा रेघन्‌रेघ उठला?" चौकीत तिचं म्हणणं लिहून घेतलं गेलं आणि कागद फाइलमध्ये गेला. अडीच वर्षं तिथेच होता.

तर ती दुर्बीण. मृणालने ती स्वतःच घ्यायची ठरवली. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत कुणाच्या मुलाला कंटाळा आलेला, जुनी विकायला काढलेली. मला म्हणाली, "काका, चला ना. काच तुम्हाला कळते." गेलो. तारीख १६ डिसेंबर २०२३, शनिवार. ट्रॅफिकमध्ये जीव अर्धा झाला.

आता नीट ऐका, कारण पुढे तुम्ही मलाच खोटं पाडणार. चाळीस वर्षं मी काचांत घालवलीत. त्या दुर्बिणीच्या तोंडाशी दोन काचा असतात, एकीला एक चिकटून, मध्ये केसाएवढी फट, बाहेरून घट्ट कडं. मी टॉर्च मारून आरपार बघितलं. बुरशी नाही, ओरखडा नाही, ठिपका नाही. लख्ख. म्हटलं, घे.

माहितीचं पुस्तक हरवलेलं होतं. मी तिला बसमध्येच समजावलं. तिवई आधी रोव, मग नळी बसव. वर जी लहान दुर्बीण असते, नेम धरायची, ती मोठीशी जुळवून घे. त्यासाठी लांबचं, न हलणारं काहीतरी धर. दोन्हींत ते बरोबर मधोमध आलं की मग आकाशाकडे वळ. गुरू आज डोक्यावर आहे, चार चंद्रांसकट दिसेल.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझीच चूक. खोक्यात काटकोनात वाकलेला एक तुकडा असतो, आत आरसा. तो मध्ये लावला नाही तर समोरचं सगळं उलटं दिसतं. तिला वाटलं, तो जादाचा आहे. बाजूला ठेवला तिने.

रात्री आठ चाळीसला फोन आला. ती चाळीशेजारच्या इमारतीच्या गच्चीवर होती. मी घरी, जेवायला बसत होतो.

"काका, गुरू काही सापडत नाहीये."

"नेम जुळवलास का?"

"जुळवतेय. त्या टॉवरचा लाल दिवा धरलाय."

मी म्हटलं, अगं, दुसरं काही मिळालं नाही का तुला धरायला?

"तेवढंच लांबचं आहे इथून. आणि मी का त्याच्यापासून तोंड लपवू?" अशी ती. "पण काका, ही बिघडलेली आहे. दिवा खाली दिसतोय. टॉवर उलटा टांगलाय."

मी हसलो. आरशाचं सांगितलं. म्हटलं, काही बिघडलेलं नाही, आकाशात कुठे वरखाली असतं? बघ तशीच.

फोनमध्ये नळी फिरवल्याची करकर ऐकू आली.

मग म्हणाली, "सगळंच उलटं दिसतं ना?"

"सगळंच."

"मग हा माणूस सरळ कसा?"

"कुठला माणूस?"

"लिफ्टच्या डक्टमध्ये. एका बाजूची भिंत उघडीच आहे. तिथे. डोकं वर, पाय खाली. नीट दिसतोय."

टॉवरवर तो एक लाल दिवा सोडला तर उजेड नाही. अडीच वर्षं नाही. तरी हिला माणूस दिसतोय. आणि नीट दिसतोय.

माझ्या तोंडून निघून गेलं, "नळीत सरळ दिसतोय, म्हणजे खरा उलटा आहे तो. डोकं खाली."

बोललो आणि जीभ चावली.

पलीकडे वारा फक्त.

"मृणाल?"

"काका... तो वर सरकतोय. नळीत. एकेक मजला. डोळा मिटला की एक मजला."

नळीत वर. म्हणजे...

मला सांगायला नको होतं. तिला कळलं होतं.

"अकरा," ती म्हणाली. "दहा."

ती मजले मोजत होती. नळी त्याच्याबरोबर सरकवत होती. मी ओरडलो, डोळा काढ! झाकण लाव! खाली ये! बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"नऊ."

"मृणाल, ऐक माझं!"

"नाही." आवाज कापत होता, पण शब्द नाही. "तेव्हा कुणी बघितलं नाही ना, म्हणून तर पळाला म्हणाले. मी बघणार. आठ. शेवटपर्यंत बघणार. सात."

मी फोन कानाला घट्ट धरला. 

सहा. पाच.

चार.

कुठेतरी कुत्रं रडत होतं. तिच्याकडे की माझ्याकडे, कळलं नाही.

तीन...

दोन...

 मी भाताचं ताट समोर घेऊन तसाच.

"खाली गेला," ती म्हणाली. "खड्ड्यात. काका... आता परत अकराव्यावर आहे."

तिने ते तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा तो खाली पोचला तेव्हा ती गच्चीच्या कठड्यावर हात आपटून ओरडली. खाली चाळीलाही ऐकू गेलं असेल. "बाबा! बघितलं मी! बास आता!"

त्यानंतर डक्ट काळाच राहिला. टॉवर, दिवा, सगळं उलटंच. माणूस नाही. आणि तिने काय केलं असेल? पळाली? अरे, तिने नळी वळवली आणि गुरू शोधला. चारही चंद्र मोजले. मग खाली आली आणि आईच्या मांडीवर पडून रडली.

रविवारी सकाळी आठला ती टॉवरच्या गेटवर. वॉचमनने हाकललं. तिथून चौकीत गेली आणि बाकावर बसली. दुर्बिणीचं चकार शब्दाने सांगितलं नाही; लोकांनी वेड्यात काढलं असतं. त्या अंगठ्याच्या कागदाची झेरॉक्स, रेशनच्या दुकानातली दर महिन्याची नोंद, इतकंच पुढे केलं. "लिफ्टचा खड्डा उकरा," म्हणाली. कशावरून, विचारलं. "मी सांगते म्हणून." रविवार गेला, सोमवार गेला. मीराबाई डबा घेऊन जायच्या. मंगळवारी मीही जाऊन बाकावर बसलो. बुधवारी नवा साहेब आला. त्याने कागद बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि जीप काढली.

खड्ड्यात दीड पुरुष डेब्रिस भरलेलं. त्याच्या तळाशी जगन होता. कमरेला पट्टा, पट्ट्यात हातोडी.

ठेकेदाराला नेलं. ज्या बायका नवरा पळाला म्हणून हसायच्या त्याच घरी बुद्धवंदनेला पुढे येऊन बसल्या. मीराबाईंनी कुणाला उठ म्हटलं नाही. पण मृणाल दारात उभी राहून एकेकीच्या डोळ्यात बघत होती, आणि माना खाली जात होत्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता शेवटचं. जानेवारीत ती नळी घेऊन माझ्या घरी आली. "काका, काचेवर डाग आहे. पुसला तर जात नाही." मी फडकं घेतलं. बाहेरून पुसलं. नाही. मागून पुसलं. नाही. मग भिंग लावलं.

डाग दोन काचांच्या मध्ये होता.

कडं सोडवायला मला अर्धा तास लागला. त्याआधी कुणी हात लावल्याची खूण नव्हती, पेचावर ओरखडासुद्धा नाही. काचा वेगळ्या केल्या. बोटाला राखाडी पूड लागली. मी ती ओळखली, तुम्हीही ओळखाल. रोज एक इमारत उठते इथे.

अंगठा होता. मोठा. गुळगुळीत, एक रेघ नाही. आणि मधून आडवी करवतीची खूण.

मी म्हटलं, साफ करून देतो. मृणालने माझ्या हातातून काच काढून घेतली. "पुसायचा नाही, काका. आहे तसा बंद करा." केला. आजही ती त्याच काचेतून बघते. मी डोळा लावलाय, तारे स्वच्छ दिसतात.

मीराबाई तेव्हा सोबत आल्या होत्या. त्यांनी काच उजेडाला धरली. रडतील असं वाटलं मला. रडल्या नाहीत. हसल्या जराशा.

"मशीनला कधी लागला नाही मेला," म्हणाल्या. "पोरीला बरोबर लावला."